क्लाउडवरच्या डेटाची चावी कोणाकडे ठेवायची?



धंद्याचा डेटा दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवू नका, एक कॉपी क्लाउडवर असू द्या, हे मी व्हिडिओत सतत सांगत असतो. त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सर, पण तिथं आपला डेटा कुणी बघितला तर?" प्रश्न एकदम बरोबर आहे. 'एन्क्रिप्शन असतं, टेन्शन घेऊ नका' असं त्याचं एका वाक्यात उत्तर देणारे खूप आहेत. मला ते उत्तर अर्धवट वाटतं. कुलूप लावलंय एवढंच कळून काय करायचं? चावी कोणाकडे आहे ते विचारायला पाहिजे. व्हिडिओत हे दहा मिनिटांत मावत नाही, म्हणून इथं निवांत लिहितोय. चहा घेऊन बसा.

एन्क्रिप्शन म्हणजे तुमची फाइल एका भल्या मोठ्या आकड्याच्या मदतीनं अशी घोळून ठेवायची की तो आकडा नसलेल्याला नुसता कचरा दिसावा. तो आकडा म्हणजे चावी. आज सगळीकडे वापरतात ते एईएस-२५६ नावाचं कुलूप अंदाजानं आकडे लावून उघडत नाही, जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी नाही. त्यामुळे चोर कुलूप फोडत बसत नाही. चावी कुठं टांगलीय ते बघतो.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये प्रत्येक फाइलला वेगळी छोटी चावी असते आणि त्या सगळ्या छोट्या चाव्या एका मोठ्या चावीनं बंद केलेल्या असतात. घरात चाव्यांचा जुडगा कपाटात आणि कपाटाची चावी आजीच्या कमरेला, तसंच. आजीची चावी हरवली की जुडगा असून नसल्यासारखा. आपण ज्याला 'की मॅनेजमेंट' म्हणतो तो सगळा विषय या आजीच्या चावीचा आहे.

वखार, लॉकर आणि आपली पेटी

पहिली पद्धत वखारीसारखी. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालं, भाव पडलेला आहे, तुम्ही माल वखारीत टाकला. कुलूप वखारीचं, वॉचमन वखारीचा, तुमच्याकडे पावती. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, फोनचा साधा बॅकअप हे सगळं असंच चालतं. डेटा एन्क्रिप्ट होतो, पण चावी कंपनी बनवते, कंपनी ठेवते, कंपनीच बदलते. ॲमेझॉनच्या एस-३ या साठवणुकीच्या सेवेत ५ जानेवारी २०२३ पासून नवीन येणारी प्रत्येक फाइल आपोआप, फुकट एन्क्रिप्ट होते. तुम्हाला बटणसुद्धा दाबावं लागत नाही.

यातली सोय लोक कमी लेखतात. पासवर्ड विसरलात तर 'फरगॉट पासवर्ड' दाबून परत आत जाता येतं, कारण चावी त्यांच्याकडे आहे. तोटाही तोच. कंपनीला कायदेशीर आदेश आला तर ती उघडून देऊ शकते. आणि ज्याच्या हातात तुमची पावती, म्हणजे लॉगिन, त्याला वखारवाला माल देणारच. तो कुलूप उघडूनच देतो, त्यामुळे एन्क्रिप्शन तिथं काहीच करत नाही.

दुसरी पद्धत बँकेच्या लॉकरसारखी. लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक तुमची. एकट्यानं कुणालाच उघडता येत नाही. क्लाउडमध्ये याला कस्टमर-मॅनेज्ड की म्हणतात. कंपनीच्या की मॅनेजमेंट सेवेत तुमच्या नावानं एक मोठी चावी तयार होते. ती कोणत्या माणसानं वापरायची, कोणत्या प्रोग्रॅमनं वापरायची, हे तुम्ही ठरवता. ती केव्हा केव्हा वापरली याची नोंद राहते. वाटलं तर ती बंद करता येते, आणि बंद केली की डेटा तिथंच असूनही कुणालाच उघडत नाही.

पण लॉकरची उपमा इथं पूर्ण बसत नाही. लॉकरची चावी तुम्ही घरी नेता. ही चावी मात्र कंपनीच्याच सुरक्षित यंत्रात राहते, तुमच्या हातात येतो तो फक्त तिच्यावरचा हुकूम. 'कस्टमर-मॅनेज्ड म्हणजे चावी आपल्याकडे' असं विकणारा कुणी भेटला तर त्याला एवढंच विचारा, "चावी कोणत्या मशीनमध्ये आहे?"

लॉकरवरून आठवलं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यानं केलेल्या फसवणुकीत लॉकरमधला माल गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. आत कितीही तोळे असले तरी. क्लाउड कंपन्यांचे करारही असेच आपल्या बाजूला पाय आखडून बसतात. ॲमेझॉनच्या करारात जबाबदारी साधारण मागच्या १२ महिन्यांत तुम्ही भरलेल्या रकमेपुरती आहे. तुम्ही महिन्याला तीनशे रुपये भरत असाल तर हिशोब तुम्हीच करा.

तिसरी पद्धत म्हणजे आपली लोखंडी पेटी, आपलं कुलूप, आणि पेटी नेऊन वखारीत ठेवायची. फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट होते आणि नंतर वर जाते. कंपनीला आत काय आहे ते दिसतच नाही. क्रिप्टोमेटर नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे काम गूगल ड्राइव्हच्या फोल्डरवर करून देतं. कॉम्प्युटरवर त्याला पैसे लागत नाहीत. गूगल स्वतःही कंपन्यांसाठी अशी सोय देतं, पण महागड्या प्लॅनमध्ये.

या पद्धतीत चावी हरवली की विषय संपला. हेल्पलाइन नाही, 'फरगॉट पासवर्ड' नाही, ओळखीचा माणूस नाही.

चौथीही पद्धत आहे. चावी क्लाउडच्या बाहेर, स्वतःच्या यंत्रात ठेवायची आणि क्लाउडनं दर वेळी ती मागायला यायचं. ती बँकांची आणि विमा कंपन्यांची गोष्ट आहे. नायगावात बसून तिचा विचार करू नका.

नायराच्या बाबतीत काय झालं

नायराचे पेट्रोल पंप तुम्ही पाहिलेच असतील, देशभरात सहा हजारांहून जास्त आहेत. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, रिफायनरी गुजरातमधल्या वाडिनारला, आणि भागभांडवलात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघानं रशियावर नवे निर्बंध लावले, त्यात नायराचं नाव होतं. त्यानंतर चार दिवसांत, २२ जुलैला, मायक्रोसॉफ्टनं नायराच्या सेवा थांबवल्या. ईमेल बंद, टीम्स बंद. पैसे भरलेले, लायसन्स चालू, भारतात किंवा अमेरिकेत तसा कोणताही कायदेशीर आदेश नाही, तरीही आपलाच डेटा आपल्याला मिळेना, अशी तक्रार घेऊन कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मधल्या काळात मुंबईच्याच रेडिफची ईमेल सेवा घ्यावी लागली. ३० जुलैपर्यंत मायक्रोसॉफ्टनं सेवा पूर्ववत केल्या आणि याचिका मागं घेतली गेली.

आता विचार करा. समजा नायरानं लॉकर पद्धत घेतली असती, चावीवर हुकूम नायराचा असता. काय फरक पडला असता? काहीच नाही. दारातच अडवलं तर आतल्या लॉकरची चावी खिशात असून काय उपयोग? पेटी पद्धत असती तरी तेच, कारण पेटी दुसऱ्याच्या वखारीत. अशा वेळी कामाला येते ती फक्त दुसऱ्या जागी ठेवलेली दुसरी कॉपी.

म्हणून चावीच्या प्रश्नात मी नेहमी दोन भीती वेगळ्या करायला सांगतो. 'दुसरा कुणी बघेल' ही एक भीती. 'मलाच बघता येणार नाही' ही दुसरी. चावी स्वतःकडे घेतली की पहिली भीती कमी होते आणि दुसरी वाढते. यातली तुमच्या धंद्यात कोणती मोठी आहे ते ठरवलं की पद्धत आपोआप ठरते. बहुतेक छोट्या धंद्यांत, माझ्या मते, दुसरी मोठी असते. आपल्यावर युरोप निर्बंध घालणार नाही. पण कार्डाची मुदत संपते, ऑटो-डेबिट बँक नाकारते, बिल थकतं आणि ऐन मार्चमध्ये खातं गोठतं.

त्याहून जास्त होणारी गोष्ट म्हणजे क्लाउडचं खातं मुळात मालकाचं नसणंच. दुकानात कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या पोरानं स्वतःच्या जीमेलवर खातं उघडलं, ओटीपी त्याच्या नंबरवर जातो, तो पुण्याला नोकरीला लागला. हा लेख वाचून झाल्यावर बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण आपल्या क्लाउड खात्याचा ईमेल आणि रिकव्हरी नंबर कोणाचा आहे, तेवढं आजच बघा.

डेटा भारतात आहे की नाही हाही प्रश्न लोक यातच मिसळतात. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर २०१५ पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून. आपल्या देगलूरच्या रस्त्यानं सरळ गेलं की हैदराबाद. पण डेटा हैदराबादेत आहे म्हणून चावी आपल्याकडे येत नाही. नायराची कचेरी तर मुंबईतच होती.

तुमच्याकडे चाव्या आधीच आहेत

"सर, आम्ही छोटी माणसं, आम्हाला कुठं चावी सांभाळायचीय" असं म्हणू नका. तीन चाव्या तर बहुतेक दुकानांत आधीच असतात, फक्त कुणी त्यांना चावी म्हणत नाही.

टॅलीतलं टॅलीव्हॉल्ट बघा. कंपनीला व्हॉल्टचा पासवर्ड लावला की डेटा एन्क्रिप्ट होतो, यादीत कंपनीचं नावसुद्धा दिसत नाही. तो पासवर्ड विसरला तर टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत. ही शंभर टक्के पेटी पद्धत आहे. आणि हा पासवर्ड बऱ्याच ठिकाणी कुणाला माहीत असतो? पार्टटाइम अकाउंटंटला. एकट्याला.

दुसरी व्हॉट्सॲपची. अर्धा धंदा तर व्हॉट्सॲपवर चालतो, ऑर्डर तिथं, उधारीचे फोटो तिथं. ऑक्टोबर २०२१ पासून बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावता येतं. ते तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं तर एक पासवर्ड ठरवायचा किंवा ६४ अंकी की लिहून घ्यायची. ती गेली आणि फोनही गेला तर बॅकअप गूगल ड्राइव्हवर पडून असेल, पण उघडणार नाही. चालू करावं की नाही? की लिहून ठेवणार असाल तर करा. 'लक्षात राहील' म्हणणाऱ्यांनी करू नये.

तिसरी चावी सगळ्यात फसवी, कारण ती तुम्ही मागितलेलीच नसते. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. पुढं कधीतरी लॅपटॉप नांदेडला दुरुस्तीला जातो, बोर्ड बदलला जातो आणि स्क्रीनवर ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारू का? थांबा. ती की बहुतेक वेळा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. म्हणजे परत तोच प्रश्न आला, ते खातं कोणाच्या ईमेलवर उघडलं होतं?

कोणता माल कोणत्या जागी

सगळ्या डेटाला एकच पद्धत लावायची हा हट्ट सोडा. सोनं लॉकरमध्ये ठेवतो म्हणून कुणी कडबाही लॉकरमध्ये ठेवत नाही.

समजा नायगावात तुमचा कोचिंग क्लास आहे. नोट्स, प्रश्नपत्रिका, टाइमटेबल, जाहिरातीचे फोटो हा माल वखारीत बिनधास्त ठेवा. कंपनीची चावी पुरे. त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, एवढंच. पण मुलांचे दाखले, पालकांचे नंबर, फीची थकबाकी यांची वेगळी फाइल करा. ती पेटीत. समजा तुमची पॅथॉलॉजी लॅब आहे, तर लोकांचे रिपोर्ट ही जवळजवळ सगळीच पेटीतली चीज. लहान गावात कुणाच्या रक्तात काय निघालं हे बाहेर फुटलं तर ते कोणत्याही पासवर्डनं परत आत जात नाही. आडत दुकान असेल तर शेतकऱ्यांचे बँक पासबुक आणि उचलीचा हिशोब पेटीत, बाकी पट्ट्या वखारीत.

आणि काही माल ठेवूच नका. पीक विम्याच्या दिवसांत आपल्याकडच्या सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरचा डेस्कटॉप बघा, आधार, पासबुक, सातबारा यांच्या स्कॅननं पडदा भरलेला असतो. दोन-दोन वर्षांपूर्वीचे. कुणी पुसत नाही. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांसाठी आधार प्राधिकरणानं जुलै २०१७ मध्ये नियम केला की ते क्रमांक वेगळ्या 'आधार डेटा व्हॉल्ट'मध्ये एन्क्रिप्ट करून ठेवायचे आणि त्याची चावी खास चाव्या सांभाळायला बनवलेल्या यंत्रातच राहील. असलं यंत्र आपल्या दुकानात येणार नाही. मग सोपा मार्ग धरा. काम झालं की स्कॅन पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. जे ठेवलंच नाही त्याची चावी सांभाळावी लागत नाही.

लॉकर पद्धत यात कुठंच आली नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्या दुकानदाराला ती लागत नाही. ती लागते स्वतःचं ॲप किंवा वेबसाइट काढणाऱ्याला.

ॲप काढणार असाल तर

दूध संकलनाचं ॲप, शेतमालाची ऑनलाइन विक्री, क्लासचं ॲप असं काही तुमच्या मनात असेल आणि ते डेव्हलपरकडून बनवून घेणार असाल, तर हा भाग त्याला वाचायला द्या.

ग्राहकांची माहिती साठवायला साधी वखार पद्धत घेतली आणि डेव्हलपरनं चुकून ती जागा इंटरनेटवर 'पब्लिक' ठेवली, तर जगातला कुणीही ती फाइल डाउनलोड करू शकतो. सेवा स्वतःच कुलूप उघडून देते. तीच जागा तुमच्या नावाच्या चावीखाली असेल तर बाहेरच्याला फाइल मागूनही मिळत नाही, कारण चावी वापरायची परवानगी त्याला नाही. माझ्या दृष्टीनं लॉकर पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कंपनीपासून वाचायला नव्हे, आपल्याच माणसाच्या चुकीपासून वाचायला ती घ्यायची. ॲमेझॉनवर अशा एका चावीचं भाडं महिन्याला १ डॉलर आहे आणि पहिले २०,००० वापर फुकट. सुरुवातीच्या ॲपला तेवढं बास.

ती चावी मात्र कुणी रागाच्या भरात डिलीट करू नये. ॲमेझॉन त्यासाठी ७ ते ३० दिवसांची वाट पाहायला लावतं, गूगलवर साधारण ३० दिवस मिळतात. मुदत संपली की त्या चावीखालचा सगळा डेटा कायमचा गेला, खुद्द कंपनीलाही उघडता येत नाही. म्हणून चावी वापरायची परवानगी ॲपला, आणि चावी डिलीट करायची परवानगी फक्त मालकाला. डेव्हलपरला नाही. यावर तो नाराज झाला तरी चालेल.

जानेवारी २०२५ मध्ये हॅल्सियन या सायबर सुरक्षा कंपनीनं एक प्रकार उघड केला, त्यातल्या टोळीला कोडफिंगर असं नाव दिलं गेलं. त्यांनी ॲमेझॉनचं कुलूप फोडलं नाही. लोकांच्या चोरीला गेलेल्या ॲक्सेस की मिळवल्या, त्यांनी आत शिरले आणि फाइल्सना स्वतःच्या चावीनं पुन्हा कुलूप लावलं. एस-३ मध्ये ग्राहकानं स्वतःची चावी आणायची सोय आहे, ती चावी ॲमेझॉन साठवत नाही. त्याच सोयीचा त्यांनी वापर केला आणि सात दिवसांत फाइल्स पुसल्या जातील अशी खूण करून खंडणी मागितली. चोरानं आपल्या पेटीला वरून आपलंच नवं कुलूप घातलं म्हणा ना. तर ॲक्सेस की कोडमध्ये लिहून ठेवू नका, डेव्हलपर बदलला की त्याच दिवशी ती रद्द करा, आणि ग्राहकानं स्वतःची चावी आणायची ही सोय लागत नसेल तर बंद ठेवा.

कायदा काय म्हणतो

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम छोट्या धंद्यालाही लागू आहेत. मुख्य बंधनांना नियम आल्यापासून १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. सुरक्षेच्या नियमात एन्क्रिप्शन किंवा माहिती झाकून ठेवणं, कुणी काय उघडलं त्याची नोंद, आणि बॅकअप हे तिन्ही आहेत. नोंदी वर्षभर ठेवायच्या आहेत. माहिती फुटली तर ज्यांची ती आहे त्या लोकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं आहे, मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत. तो वरचा आकडा आहे, नायगावच्या लॅबला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण त्या आकड्यावरून विनोद करून विषय सोडूही नका. चावी कोणाकडे असावी हे नियम सांगत नाही. ते तुम्हालाच ठरवायचंय.

एक कमी बोललं जाणारं कलम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार डेटा उघडून द्यायला सांगू शकतं आणि नकार दिला तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. चावी कंपनीकडे असेल तर कंपनीला विचारतील. तुमच्याकडे असेल तर तुम्हाला. 'मी विसरलो' असं तिथं सांगायची वेळ येऊ नये.

चावी ठेवायची कशी

पेटी पद्धत घेणार असाल तर हे पहिल्या दिवशी करा, नंतर होत नाही. क्रिप्टोमेटरमध्ये पेटी बनवताना रिकव्हरी की घ्या. इंग्रजी शब्दांची लांबलचक माळ असते. ती बॉलपेननं कागदावर लिहा. प्रिंटरची शाई एका पावसाळ्यात पसरते. त्याच ड्राइव्हवर तिची फाइल करून ठेवू नका, तसं केलं तर चावी पेटीत टाकून पेटी बंद केल्यासारखं होईल. फोटो काढून फोनच्या गॅलरीतही नको, गॅलरी आपोआप क्लाउडवर जाते.

दोन कॉपी करा. एक घरी जिथं शेताची कागदपत्रं ठेवता तिथं, आणि दुसरी दुसऱ्या गावी, लातूरच्या बहिणीकडे म्हणा किंवा नांदेडच्या भावाकडे, पाकीट चिकटवून, वरती सही करून. सही फाटली की कळतं. कागदावर फक्त की लिहा, ती कशाची आहे ते नको. ते घरातल्या एका माणसाला तोंडी सांगा.

तो एक माणूस ठरवणं लोक टाळतात. धंदा एकट्याच्या डोक्यात आणि एकट्याच्या फोनमध्ये असतो, आणि तो माणूस आठ दिवस दवाखान्यात पडला तरी दुकान बंद. बायको गल्ला सांभाळते, पोरगा माल आणतो, पण पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. वखार पद्धतीच्या खात्यांसाठी गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ठरवलेले तीन ते अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो, दहा जणांपर्यंत नेमता येतात. ते भरायला पाच मिनिटं लागतात. पण लक्षात घ्या, पेटीतल्या फाइल त्याला मिळतील त्या बंदच. त्या उघडणार लातूरच्या पाकिटानं.

सगळं झालं की एक चाचणी घ्या. दुसरा कॉम्प्युटर घ्या, मित्राचा चालेल. त्यावर क्रिप्टोमेटर टाका, ड्राइव्ह उघडा आणि पासवर्ड न वापरता, फक्त त्या कागदावरून पेटी उघडून दाखवा. एखादा शब्द चुकीचा लिहिलेला असतो, अक्षर लागत नाही, हे तेव्हाच कळतं. काम झालं की मित्राच्या कॉम्प्युटरवरून सगळं काढून टाका. ही चाचणी वर्षातून एकदा, दिवाळीत वही-पूजनाच्या आसपास ठेवा, म्हणजे तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. पासवर्ड किंवा की बदलली असेल तर त्याच दिवशी दोन्ही पाकिटं बदला, आणि जुना कागद फाडून चुलीत टाका.